कॉफी कुठली, त्याआधी ती वाळली कशी?

आमच्या नंदुरबारला पावसाळा सरला की मिरचीच्या पथाऱ्या पडायला लागतात. शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर ओली लाल मिरची अंथरलेली असते, बाया ती वरखाली करत असतात आणि वाऱ्याबरोबर ठसका रस्त्यापर्यंत येतो. आमच्या घरचा धंदा हाच. ओली मिरची घ्यायची, पथारीवर वाळवायची, डेख, म्हणजे देठ, खुडून निवडायची, पोती भरून पुढे पाठवायची. नाना, म्हणजे माझे वडील, अहिराणीत म्हणतात, "वाण शेतकरीना, माल पथारीना." वाण कितीही चांगलं असो, रंग टिकला का, वास राहिला का, फटकी, म्हणजे पांढरट पडलेली मिरची, किती निघाली, हे सगळं तोडणीनंतरच्या दिवसांत ठरतं आणि भावही त्यावरच ठरतो.

कॉफीबद्दल लिहायला बसलो आणि मिरचीपासून सुरुवात केली, कारण मला कॉफी कळली ती याच वाटेने. गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या देशांचे दाणे मागवतो, घरी दळतो, पितो, वहीत नोंदी ठेवतो. सुरुवातीला मीही देशाच्या नावाने कॉफी ओळखायचो: इथिओपियाची अशी, ब्राझीलची तशी. आता पाकीट हातात आलं की आधी बघतो ते प्रक्रिया काय लिहिली आहे. फळ तोडल्यावर बी त्यातून कधी काढली, कशी वाळवली, त्या दिवसांत आभाळ कसं होतं, याचा कपातल्या चवीवर इतका जोर असतो की देशाचं नाव कितीदा मागे पडतं. आणि गंमत म्हणजे कुठल्या देशात कुठली पद्धत रुजली, हे तिथल्या उन्हापावसाने आणि पाण्याने ठरवलं आहे.

आधी फळ समजून घेऊ. कॉफीचं फळ पिकलं की बहुतेक जातींत लाल होतं. वर साल, तिच्याखाली थोडासा गोड गर, मग बियांना घट्ट चिकटलेला बुळबुळीत थर, त्याखाली पार्चमेंट नावाचं टणक टरफल आणि त्याच्याही आत बीला बिलगलेली पातळ चंदेरी पापुद्र्याची साल. आत दोन बिया, सपाट बाजूंनी एकमेकींना टेकलेल्या. क्वचित एकच बी धरते, ती गोल होते. तिला पीबेरी म्हणतात आणि ती वेगळी निवडून विकतात. आपण ज्याला कॉफीचा दाणा म्हणतो तो या फळाची बी आहे, आणि ती साधारण दहा ते बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावी लागते. मिरचीलाही आम्ही जवळपास तिथेच आणतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो नानांना वाचून दाखवला होता.

कॉफीच्या मुख्य प्रजाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका मुळात इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ जंगलातली. तिथल्या काफा भागात ती आजही रानात उगवते. पूर्वेकडे हरार आहे, कोरडा मुलूख. तिथे फळं धुवायला पाणी कुठून आणणार? म्हणून अख्खं फळच उन्हात टाकायचं. याला नॅचरल म्हणतात, आणि कॉफी वाळवायची सगळ्यात जुनी पद्धत हीच. आता इथिओपियात बऱ्याच ठिकाणी लाकडी खांबांवर जाळी ताणून कमरेएवढ्या उंचीचे बिछाने करतात, म्हणजे हवा खालूनही लागते. फळ दोन ते चार आठवडे त्यावर राहतं. सारखं वरखाली करावं लागतं, थर जाड झाला तर खालचं आंबतं, रात्री दव पडायच्या आत झाकावं लागतं. शेवटी फळ सुकून काळं पडतं आणि कानाशी हलवलं की आत बी वाजते. नाना मिरची अशीच तपासतात. मूठभर उचलून हलवायची, बियांचा आवाज कोरडा आला पाहिजे.

एकदा मी इथिओपियाच्याच दोन कॉफी एकत्र मागवल्या होत्या. एक गुजी भागातली नॅचरल, दुसरी यिर्गाचेफेची वॉश्ड, म्हणजे गर काढून, पाण्यात आंबवून, धुऊन मग वाळवलेली. दोन्हींचे थोडे दाणे स्टीलच्या ताटात वेगवेगळे ओतून ठेवले होते. नाना जेवून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि ताट खिडकीशी नेलं. माल बघायची त्यांची पद्धत ठरलेली आहे: आधी रंग, मग वास, मग हातात घेऊन वजन. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक दाणा उलटा करून त्याच्या मधल्या चिरेकडे बोट दाखवलं. एका ढिगातल्या दाण्यांची चीर पांढरट होती, दुसऱ्यातल्या दाण्यांची तपकिरी. म्हणाले, "हाई तं अख्खं वाळेल दिखस." तपकिरी चिरेचा तो ढीग नॅचरलचाच होता. गरासकट वाळताना चिरेत अडकलेल्या त्या पापुद्र्यात फळाचा रस मुरतो, भाजल्यावर तो गडद होतो. धुतलेल्या दाण्यात तो फिकटच राहतो. कॉफीचं एक अक्षरही न वाचलेल्या माणसाने हे नुसतं बघून सांगितलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मग दोन्ही चाखल्या. परीक्षक ज्या पद्धतीने चाखतात ती घरी सहज जमते. साधारण सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, दीडशे मिली उकळीवरून नुकतं उतरवलेलं पाणी, आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. वर पुडीचा जाड थर येतो. तो चमच्याने फोडायचा, तेव्हा नाक वाटीजवळ हवं, कारण सगळ्यात जास्त वास त्या क्षणी सुटतो. वरचा फेस काढून टाकायचा, थोडं निवू द्यायचं आणि चमच्याने जोरात भुरका मारायचा, म्हणजे कॉफी जिभेवर सगळीकडे पसरते. आपल्याकडे भुरका मारणं कुणाला शिकवावं लागत नाही. गुजीच्या वाटीतून पिकलेल्या जांभळाचा वास आला, चव गोड, किंचित आंबल्यासारखी, शेवटी कोको. यिर्गाचेफे अगदी दुसऱ्या टोकाची: मोगऱ्याकडे झुकणारा फुलांचा वास, लिंबाच्या सालीचा कडवट सुगंध आणि चहासारखा हलका पातळपणा. देश एक, कॉफीचं मूळ एक, पण एका वाटीत फळासकट वाळलेली बी आणि दुसरीत धुतलेली. मायने दोन्ही घेतल्या आणि यिर्गाचेफेकडे बोट केलं, "आंबट शे, पन बरी लागस." आमच्या घरात ती वॉश्डच्या बाजूची आहे आणि नाना नॅचरलच्या.

चांगल्या कॉफीतला आंबटपणा हा दोष नाही, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. आपल्याला कॉफी म्हणजे कडू एवढंच माहीत असतं, कारण बाजारातली बहुतेक कॉफी काळीकुट्ट होईपर्यंत भाजलेली असते. इतकी भाजली की गुजी काय आणि सुमात्रा काय, सगळ्यांना एकच जळकी चव येते. हलकी किंवा मध्यम भाजलेली कॉफी घेतली तरच या लेखातल्या गोष्टी जिभेला कळतील.

धुतलेल्या कॉफीचं सगळ्यात ठसठशीत रूप पाहायचं तर केनिया. तिथे आंबवून धुतल्यावर दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून ठेवायची पद्धत आहे. शिवाय एसएल-२८ ही जात, जी १९३०च्या दशकात नैरोबीजवळच्या स्कॉट लॅबोरेटरीजने टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, दुष्काळात तग धरणाऱ्या झाडांतून निवडली. ती निवडली पाणी कमी लागावं म्हणून, आणि निघाली चवीला अफाट. केनियाचा घोट घेतला की पिकलेला टोमॅटो आणि तुती दोन्ही आठवतात, एकदम रसरशीत. पाकिटावर एए असं लिहिलेलं असतं, पण तो दाण्याच्या आकाराचा दर्जा आहे, चवीचा नव्हे. मला एबी दर्जाची कॉफी कैकदा जास्त आवडली आहे, आणि ती स्वस्तही पडते.

आता सुमात्रा. इथे आमच्या धंद्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येईल अशी गोष्ट घडते. त्या बेटावर पाऊस असा पडतो की दाणा पूर्ण वाळायला आठवडेच्या आठवडे लागावेत. तेवढे सलग ऊन मिळत नाही आणि शेतकऱ्यालाही पैसे लवकर हवे असतात. म्हणून तो गर काढतो, एखादी रात्र ठेवतो, धुतो आणि थोडंसं सुकवून ओला मालच विकून टाकतो. पुढचा व्यापारी त्या ओल्या, अजून तीस टक्क्यांच्या वर ओलावा असलेल्या दाण्याचं टरफल यंत्रावर काढतो आणि उघडी, मऊ बी वाळवायला टाकतो. तिकडे या पद्धतीला गिलिंग बासा म्हणतात. टरफल नसल्याने बी भराभर वाळते. कच्चा दाणा निळसर हिरवा दिसतो, कडा दबलेल्या, काही फाटलेल्या. आणि चव? आंबटपणा जवळपास गेलेला, अंगाला जड, म्हणजे तोंडात दाट लागणारी, ओल्या मातीचा आणि तंबाखूच्या पानाचा वास, शेवटी मसाल्याची झाक. मंडेलिंग किंवा गायो नावाने ती मिळते. थंडीत, सातपुड्याकडून गार वारा सुटला की सकाळी मला हीच लागते. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने पूड खाली दाबायच्या भांड्यात, करावी. कागदी फिल्टर तिचं तेल अडवतो आणि तेच तर तिचं अंग आहे.

पण पावसाशी सगळ्यात धाडसाने वागतात ते आपल्याच किनाऱ्यावर. मॉन्सून मलबार ही कॉफी मी लोकांना आग्रहाने पाजतो, कारण तिची कहाणी मला जगातल्या कुठल्याही कॉफीपेक्षा मोठी वाटते. जुन्या काळी मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांनी कॉफी युरोपला जायची, आफ्रिकेला वळसा घालून. महिनोन् महिने दमट हवेत, लाकडी तळघरात. पोचेपर्यंत दाणे फुगून पिवळट झालेले असायचे आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय लागली. १८६९मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला आणि कॉफी हिरवीच पोचायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, ही ती नव्हे. मग तोच बदल किनाऱ्यावर मुद्दाम घडवायला सुरुवात झाली. जून ते सप्टेंबर, मंगळुरूकडच्या उघड्या बाजूंच्या गोदामांत अख्ख्या फळात वाळवलेल्या कॉफीचे दाणे पातळ पसरतात आणि नैऋत्येचा वारा त्यांच्यावरून जाऊ देतात. दाणे दमट हवा पितात, फुगतात, फिकट सोनेरी होतात. मधूनमधून दंताळं फिरवतात, पोत्यांत सैल भरतात, पुन्हा पसरतात, नाहीतर बुरशी. आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. उरतं ते जाड अंग, भाजलेल्या शेंगदाण्याची चव आणि कोंदट लाकडाचा किंचित वास, जो काहींना अजिबात चालत नाही. मला चालतो. या कॉफीला भौगोलिक मानांकनही आहे.

हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं की वाळलेल्या मालावर मुद्दाम ओल धरतात का म्हणून. त्यांचा प्रश्न मला पूर्ण कळतो. पथारीवर मिरची असताना अवकाळी आला तर काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. ताडपत्र्या ओढेपर्यंत निम्मा माल भिजतो, दुसऱ्या दिवशी तो पांढरा पडायला लागतो, आणि ज्या मालाला कालपर्यंत चांगला भाव होता त्याच्याकडे व्यापारी बघत नाहीत. शेतकऱ्याचे पैसे तर आधीच चुकते केलेले असतात. त्या अनुभवातून गेलेल्या माणसाला मंगळुरूच्या गोदामात पावसाळी वाऱ्यासाठी दारं उघडी ठेवणारे लोक कसे दिसत असतील, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. नाना शेवटी एवढंच म्हणाले की ओल किती धरायची हे ज्याला कळतं तोच हे करू शकतो.

आपल्याकडे कॉफी आली ती येमेनमधून. सूफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात तिथून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या चंद्रगिरीच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगरांना आज त्यांचंच नाव आहे. १८६९ सालीच, सुएझ उघडला त्याच वर्षी, सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याची नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी संपून चहा आला. भारतातल्या बागांनाही तांबेऱ्याने झोडपलं. कापूस आणि केळीवर रोग येतो म्हणजे काय ते खानदेशात कुणाला सांगायला नको. अरेबिका स्वतःच्याच परागाने फळते, जातींमध्ये फरक थोडा, म्हणून रोग आला की सगळ्या बागेवर एकदम येतो. याला तोंड द्यायला चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५मध्ये संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे तयार झालेली एस. ७९५ ही जात आजही आपल्या अरेबिकाचा मोठा भाग व्यापून आहे. भारतीय पाकिटावर ही अक्षरं दिसली की घ्या, वेलदोड्याची हलकी झाक आणि गुळाचा गोडवा बऱ्याचदा सापडतो. आपल्या बागा सावलीत असतात, कॉफीच्या वर सिल्व्हर ओक, फणस, त्यांच्यावर चढवलेले मिरवेल. उघड्या उन्हात कॉफी घेणाऱ्या देशांत हे दृश्य नाही.

आपल्या मालावर दोन शब्द नेहमी दिसतील, प्लांटेशन आणि चेरी. प्लांटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, चेरी म्हणजे अख्ख्या फळात वाळवलेली. एवढं कळलं तरी अर्धी खरेदी सोपी होते. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली कॉफीही जरूर बघावी. ती आदिवासी शेतकऱ्यांची आहे, लहानलहान तुकड्यांवर काढलेली. आमच्या जिल्ह्यातही सातपुड्याच्या पाड्यांवर उंची आहे, शेती करणारी कष्टाळू माणसं आहेत, त्यामुळे अराकूबद्दल वाचताना मला धडगाव, अक्कलकुवा डोळ्यांपुढे येतं. याच सातपुड्याच्या रांगेत पुढे पूर्वेला, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेतच.

रोबस्टाला नाक मुरडणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. जगात सगळ्यात जास्त कॉफी ब्राझीलची, पण दुसऱ्या नंबरचा व्हिएतनाम जवळजवळ सगळा रोबस्टावर उभा आहे. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या साधारण दुप्पट, झाड दणकट, सखल आणि उष्ण जागी येणारं. भारतातही पिकते त्यात रोबस्टाच जास्त, आणि आपली चांगली धुतलेली रोबस्टा इटलीत एस्प्रेसोच्या मिश्रणांत जाते. कापी रॉयल हा त्यातला वरचा दर्जा. दूध-साखरेची कॉफी करणार असाल तर नाजूक इथिओपियावर पैसे घालू नका, दुधात ती हरवते. रोबस्टा दुधाला भिडते. दाक्षिणात्य फिल्टरच्या तयार पुडीत चिकोरी असते, ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि नियमानुसार ती निम्म्याच्या खालीच लागते. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळं. चव दाट करते, पण दाण्याची ओळख पुसते. दाणे कळून घ्यायचे असतील तोवर तिला बाजूला ठेवा.

ब्राझीलबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण कपात तिचं काम साधं आहे: शेंगदाणा, चॉकलेट, कमी आंबट. तोडणीचा हंगाम तिथल्या कोरड्या हिवाळ्यात येतो, म्हणून फरसबंद मोकळ्या अंगणांत फळं सरळ उन्हात वाळवतात, आमच्या पथारीच्या सगळ्यात जवळचं चित्र तेच. बाजार मात्र तीच हलवते. जुलै १९७५मध्ये तिथल्या पाराना राज्यात पडलेल्या हिमतुषारांनी बागा काळ्या पडल्या आणि जगभर भाव चढले. २०२४च्या दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. तेव्हा आपल्या चिकमगळूरच्या पाकिटाचा भावही वाढला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले असतील तर मी ते आनंदाने देतो.

पनामाच्या गेशाचं नाव वाचून बरेच लोक विचारतात. मूळ इथिओपियाचीच जात, १९३०च्या दशकात तिचं बी तिथून बाहेर गेलं, टांझानिया आणि कोस्टा रिका करत पनामाला पोचलं आणि २००४च्या लिलावात हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्याच्या मालाने सगळ्यांना चकित केलं. एका मित्राने थोडी दिली होती. वास अप्रतिम, त्यात शंका नाही. पण गेशा आधीच महाग, त्यात परदेशी कॉफीवर आपल्याकडे जबर आयात शुल्क लागतं, आणि त्या किमतीत चांगल्या यिर्गाचेफेची कितीतरी पाकिटं येतात, तीही त्याच फुलांच्या वासाची. मी यिर्गाचेफे घेईन.

आता आपल्याकडच्या दोन अडचणी, ज्यांच्याबद्दल पुण्या-बंगळुरूचे लोक लिहीत नाहीत.

पहिली पाण्याची. आपल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड आहे, तव्यावर, गिझरमध्ये पांढरा थर बसतो. अशा पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारून टाकतात. तुम्ही महागडी केनिया आणाल आणि बोअरच्या पाण्यात कराल तर ती मुकी लागेल, खडूसारखी कोरडी. मग वाटेल की आरओचं पाणी घ्यावं. पण त्यातून क्षार इतके निघून गेलेले असतात की चव उतरत नाही, कॉफी पोकळ आणि बोचरी लागते, कारण चव खेचून आणायला थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात असावंच लागतं. कॉफीवाले विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असावं म्हणतात. मी आरओच्या पाण्यात नळाचं पाणी मिसळतो आणि टीडीएस मीटर बुडवून बघतो. तो मीटर स्वस्तात मिळतो. दाणे बदलण्याआधी पाणी बदलून बघा, फरक एका घोटात कळेल. जाता जाता दळण्याबद्दलही: मिक्सरमध्ये दाणे दळले जात नाहीत, फुटतात, त्यात बारीक भुकटी आणि जाडे तुकडे एकत्र येतात, म्हणजे एकाच कपात कडू आणि कच्चं. हाताने फिरवायचा, दात्यांचा ग्राइंडर घ्या. सगळ्यात आधी पैसे घालावेत ते त्यावर.

अडचण क्रमांक दोन, उन्हाळा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि कुरिअरच्या गाडीत पाकीट किती तापत असेल ते सांगायला नको. भाजलेला दाणा उष्णतेने आणि हवेने शिळा होतो. त्यातलं तेल खवट होतं, वास उडतो. म्हणून मी एप्रिल संपायच्या आत मागवून घेतो. भाजल्याची तारीख नसलेलं पाकीट घेतच नाही. आलेले दाणे आठवड्यापुरते बरणीत, बाकीचे लहानलहान हवाबंद पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये, खालच्या फ्रीजमध्ये नव्हे, तिथे लसणाचा आणि मसाल्याचा वास लागतो. एक पिशवी बाहेर काढली की ती घराच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर गार दाण्यावर हवेतली ओल धरते. हे आमच्या घरात कुणाला समजावावं लागलं नाही.

त्या दिवसांत गरम कॉफी सकाळी सहा-साडेसहाच्या आतच. नंतर सगळा कारभार थंड पाण्यातल्या कॉफीवर. शंभर ग्रॅम जाडी पूड, लिटरभर तेच मिसळलेलं पाणी, काचेच्या बरणीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये. बारा ते सोळा तासांनी गाळून घ्यायची, आधी चहाच्या गाळणीतून, मग सुती फडक्यातून. थंड पाण्यात आंबटपणा आणि कडूपणा कमी उतरतो आणि गोडवा पुढे येतो, त्यामुळे यासाठी मी गुजीची नॅचरल वापरतो. जांभळाचा वास थंडातही टिकतो. केनिया यात वाया जाते, सुमात्रा चिखलट लागते, मॉन्सून मलबार मात्र थोडं दूध घालून फार चांगली लागते. बर्फही त्याच मिसळलेल्या पाण्याचा लावावा. बोअरच्या पाण्याचा बर्फ विरघळला की ग्लासातली शेवटची दोन घोट कॉफी बेचव होते, आणि त्या उन्हात शेवटचे दोन घोटच सगळ्यात गार असतात.